२०० मिलिमीटरचा भरवसा

स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यम गावाजवळ आनख मोर नावाचा डोंगर आहे. गोंडोलातून सायकल वर न्यायची आणि वाटेने खाली उतरायचं. वाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, आणि तेवढ्यात पाचशे मीटरहून जास्त उंची संपते. २००२ पासून इथे डाउनहिलच्या वर्ल्ड कप शर्यती भरत आल्या. २००७ आणि २०२३ साली जागतिक अजिंक्यपदही इथेच झालं. पहिल्या फळीतले रायडर ही वाट साडेचार-पाच मिनिटांत उतरतात. ऐकायला हे फार वाटत नाही. पण वरचा सगळा टप्पा उघड्या माळावरचा, खडीचा आणि शिळांचा. मग झाडी, मुळं, ओली काळी माती. सगळ्यात शेवटी ‘मोटरवे’ या नावाने ओळखला जाणारा मोठ्या उड्यांचा भाग. तिथे पोचेपर्यंत पायांत बळ शिल्लक असतं, नजरही ठिकाणावर असते. दगा देतात ते हात.

रायडर त्याला ‘आर्म पंप’ म्हणतात. मूठ सतत आवळलेली, हँडलमधून अखंड हादरे, त्यात एका बोटाने ब्रेक धरलेला. कोपराखालचे स्नायू फुगून दगडासारखे होतात, रक्त नीट फिरत नाही आणि बोटांना ब्रेक ओढणंही जड जातं. ताशी साठ किलोमीटरच्या वेगात बोट ऐकेनासं झालं, तर काय होईल हे सांगायला नको. डाउनहिलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, कशासाठी असतो, याचं उत्तर इथे मिळतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हा जाडजूड चिमटा धक्के खाऊन रायडरला आराम देत असेल. आरामाशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. पुढचं चाक जमिनीला चिकटून राहावं आणि शेवटच्या वळणापर्यंत हातांत ब्रेक धरण्याइतकी ताकद उरावी, एवढ्यासाठी तो असतो. रायडरच्या सगळ्या तक्रारी, सगळे हट्ट याच दोन गोष्टींभोवती फिरतात.

या खेळाची सुरुवात झाली तेव्हा सायकलला असला कुठलाच आधार नव्हता. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला फेअरफॅक्स गावाजवळच्या मातीच्या उतारावर पहिली ‘रीपॅक’ शर्यत झाली. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही मंडळी या शर्यतींत असायची. सायकली १९३०-४० च्या दशकातल्या, जाड टायरच्या, भंगारात निघालेल्या. मागचा ब्रेक पेडल उलटं दाबून लागायचा. एका उतरणीत तो इतका तापे की हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून ग्रीस पुन्हा भरावं लागायचं. शर्यतीला नाव पडलं ते त्यावरूनच. त्या वाटेवरची फिशरची सर्वोत्तम वेळ ४ मिनिटं २२ सेकंद, ब्रीझची ४ मिनिटं २४ सेकंद. पुढचा चिमटा सरळ पोलादाचा. धक्के झेलायला रायडरची कोपरं आणि गुडघे, बस्स.

मोटोक्रॉसच्या मोटरसायकलींवर काम केलेल्या पॉल टर्नरला सायकलींची ही उणीव खुपत होती. त्याने १९८९ साली ‘रॉकशॉक्स’ कंपनी काढली आणि आरएस-१ हा फोर्क बाजारात आणला. आत हवा आणि तेल; चाकाची हालचाल जेमतेम पन्नास मिलिमीटर. आज शहरात चालवायच्या सस्पेन्शनवाल्या साध्या सायकलीलाही बहुधा एवढा ‘ट्रॅव्हल’ मिळतो. तेव्हा मात्र अनेकांना ही जड भानगड वाटली. पुढचं चाक आपल्या मर्जीने वरखाली होणार, मग नेम कसा साधायचा?

उत्तर १९९० च्या सप्टेंबरमध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला मिळालं. माउंटन बाइकिंगचं पहिलं अधिकृत जागतिक अजिंक्यपद तिथे झालं आणि पुरुषांची डाउनहिल ग्रेग हर्बोल्डने जिंकली. त्याच्या सायकलीला रॉकशॉक्सचा फोर्क होता. त्याच स्पर्धेत जॉन टोमॅक रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीला असतं तसं खाली वळलेलं हँडल लावून उतरला होता, आणि त्या हँडलखाली डग ब्रॅडबरीने बनवलेला ‘मॅनिटू’ फोर्क. खेळ अजून स्वतःचा घाट शोधत होता, हे त्या एका सायकलीकडे बघूनही कळतं.

ब्रॅडबरीची युक्ती सोपी होती. स्प्रिंगच्या जागी इलॅस्टोमरचे, म्हणजे रबरासारख्या लवचीक पदार्थाचे ठोकळे. तेल नाही, हवा नाही, गळती नाही. घरच्या घरी खोलून ठोकळे बदलता यायचे. नव्वदच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात अशा फोर्कचा बराच बोलबाला होता. पण थंडी पडली की ठोकळे कडक व्हायचे. उन्हाळ्यात मऊ वाटणारा फोर्क डिसेंबरात लाकडासारखा. शिवाय ठोकळा दाबला की तो त्याच्या चालीने परत उसळणार. त्या उसळीला आवर घालायला आत दुसरं काही नव्हतं. दाबलं जाणं महत्त्वाचं, पण परत येणं त्याहून महत्त्वाचं, हे रायडरांना हातांनी कळलं ते या काळात.

मग १९९७ साली इटलीतल्या बोलोन्याजवळच्या मार्झोकीने ‘बॉम्बर झेड-१’ आणला. मार्झोकी ही १९४९ पासून मोटरसायकलींचे फोर्क बनवणारी कंपनी. त्यांनी मोटरसायकलचीच रीत सायकलीत उतरवली: पोलादी स्प्रिंग आणि फोर्कच्या पायात मोकळं तेल. चाक हललं की तेल उसळून बुशना आणि सीलना आपोआप वंगण मिळायचं. रंग भडक नारिंगी, वजन प्रतिस्पर्ध्यांहून जास्त. तरी त्यावर बसलेल्यांना तो उतरवेना, कारण हा फोर्क पहिल्या धक्क्याला जसा चालायचा तसाच शेवटच्या धक्क्यालाही. उतारावर हात बेसावध पकडले जात नाहीत, हे सुख त्याने पहिल्यांदा दिलं. डाउनहिलच्या फोर्कमध्ये आज जी नावं चालतात त्यांतली बहुतेक अशीच मोटरसायकलकडून आली आहेत. अमेरिकेत बॉब फॉक्सने १९७४ मध्ये मोटोक्रॉससाठी शॉकॲब्सॉर्बर बनवायला घेतले, स्वीडनमध्ये केंट ओलिन्सने १९७६ मध्ये. गॅरेजच्या त्या अनुभवाशिवाय या खेळाला आजचा वेग आला नसता, असं म्हणायला हरकत नाही.

वेग वाढला तशी भूकही वाढली. रॉकशॉक्सचा ‘बॉक्सर’ नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आला तो दीडशे मिलिमीटर ट्रॅव्हलचा. तो डबल क्राउनचा होता, म्हणजे नळ्या हँडलच्या नळीच्या खाली आणि वर अशा दोन ठिकाणी आवळलेल्या. तिकडे युटाच्या लाल कड्यांवरून आणि व्हँकुव्हरजवळच्या जंगलांतून उड्या मारणाऱ्यांचं एवढ्याने भागेना. मार्झोकीने ‘सुपर मॉन्स्टर’ काढला: ३०० मिलिमीटर, जवळजवळ एक फूट ट्रॅव्हल! जॉश बेंडरसारखा रायडर तो लावून घराच्या छपरांहून उंच कड्यांवरून खाली झेपावायचा. शर्यतीत मात्र असला फोर्क कामाचा नव्हता. सायकलीचं नाक आभाळात जाई, वजन बेसुमार वाढे, आणि ब्रेक लावला की सगळा पुढचा भाग खाली बुडी मारे. फॉक्सने २००५ च्या हंगामासाठी ४० मिलिमीटर जाडीच्या नळ्यांचा ‘४०’ आणला तो २०३ मिलिमीटर ट्रॅव्हलचा, आणि डाउनहिल जगत त्या आकड्याच्या आसपास स्थिरावलं. वीस वर्षं झाली, २०० मिलिमीटर कायम आहेत. सुधारणा झाली ती त्या वीस सेंटिमीटरांत काय घडतं यात.

काय घडतं? एका पायात स्प्रिंग, हवेची किंवा पोलादी तारेची. दुसऱ्या पायात डँपर. डँपरमध्ये तेल बारीक छिद्रांतून आणि पातळ पोलादी चकत्यांखालून ढकललं जातं. औषधाच्या सिरिंजचा दांडा हळू दाबला तर सहज जातो, जोरात दाबला तर अडतो, तसंच इथे. म्हणून कॉम्प्रेशनचे, म्हणजे दबण्याला आवर घालणारे, दोन वेगवेगळे स्क्रू असतात: ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’. नवशिक्यांचा पहिला गैरसमज इथे होतो. हा वेग सायकलीचा नाही, दांड्याचा. ताशी पन्नासने जाताना ब्रेक दाबला आणि फोर्क हळूहळू बसत गेला, तर ती लो स्पीडची गोष्ट. चालण्याच्या गतीने जाताना चाक धोंड्यावर आदळलं, तर ती हाय स्पीडची. तिसरा स्क्रू रीबाउंडचा, दबलेला फोर्क किती चपळाईने परत उठेल हे ठरवणारा.

रायडर आणि मेकॅनिक यांच्यात खरी ओढाताण होते ती या तिसऱ्या स्क्रूवरून. रायडर खाली येऊन सांगतो, फोर्क कडक आहे, हात सोलून निघाले. मेकॅनिकला पहिली गोष्ट सुचते ती मऊ करण्याची: हवा कमी करा, कॉम्प्रेशन सोडा. कधी तेच बरोबर असतं. पण कित्येकदा दुखणं नेमकं उलट असतं. रीबाउंड फार संथ ठेवला असेल तर पहिल्या दगडाने दबलेला फोर्क पुरता उठायच्या आत दुसरा दगड येतो, मग तिसरा. दर धक्क्याला तो आणखी खाली राहतो आणि शेवटी ट्रॅव्हलच्या तळाच्या, सगळ्यात ताठ भागात अडकून बसतो. हातांना तो कडक वाटतो. प्रत्यक्षात तो खाली गाडला गेलेला असतो. अशा वेळी हवा काढली तर तो आणखी गाडला जाणार. औषध एकच, रीबाउंड दोन क्लिक मोकळा करणं. आणि तो अति मोकळा केला तर चाक दगडावरून चेंडूसारखं उसळतं, वळणात पकड सुटते. रायडर परत येतो आणि सांगतो, कडक आहे! एकच शब्द, कारणं तीन. म्हणून अनुभवी मेकॅनिक रायडरच्या निदानाकडे नंतर वळतो, आधी जागा विचारतो. कुठे कडक वाटला? एकट्या मोठ्या खड्ड्यात की ओळीने आलेल्या मुळांत? सुरुवातीच्या दगडाला की पाचव्या-सहाव्या?

चिलीतल्या वाल्पाराइसो शहरात डोंगरवस्तीच्या पायऱ्यांवरून डाउनहिलची शर्यत होते, तिथे हे उघड्यावर दिसतं. पायऱ्या एकसारख्या उंचीच्या, एकसारख्या अंतराच्या. धक्के सारख्या ठेक्यात येतात, आणि फोर्कचा परतीचा वेग त्या ठेक्याशी जुळला नाही तर दहाव्या पायरीला पुढचा भाग पार खाली बसलेला असतो. जंगलातल्या मुळांवर जो फोर्क राजा, तो तिथे मार खाऊ शकतो.

तीव्र उतारावर प्रश्न वेगळा. स्वित्झर्लंडमधल्या शाम्पेरीची वाट इतकी उभी आहे की पायी उतरतानाही तोल सांभाळावा लागतो. २०११ च्या जागतिक अजिंक्यपदात तिथे पाऊस लागला, वाटेचा घसरगुंडीचा चिखल झाला, आणि डॅनी हार्ट नावाचा एकोणीस वर्षांचा इंग्लिश मुलगा ११ सेकंदांहून जास्त फरकाने जिंकला. शतांश सेकंदांवर निकाल लागणाऱ्या खेळात अकरा सेकंद! तिथे लागणारी कला त्याचीच. फोर्कला श्रेय देणं अन्यायाचं होईल. पण अशा उतारावर फोर्ककडून रायडर काय मागतो हे शाम्पेरीत समजतं. सगळं वजन पुढे झुकलेलं, ब्रेक लागलेला. फोर्क बुडाला की हँडलचा कोन उभा होतो, चाक रायडरच्या पोटाखाली येतं आणि हँडलवरून पुढे फेकलं जाण्याची भीती खरी ठरते. म्हणून उभ्या वाटेवर पुढे थोडी जास्त हवा किंवा लो स्पीडचे दोन क्लिक जास्त. पाऊस पडला की पुन्हा उलट: वेग कमी, धक्के हलके, पकड अपुरी, तेव्हा मऊ फोर्क हवा. उभी वाट आणि पाऊस एकत्र आले की दोन मागण्या एकमेकींशी भांडतात आणि रायडरला एक निवडावी लागते.

हवा की पोलादी स्प्रिंग, हा वाद तर न संपणारा. हवेचा फोर्क हलका. पंपाने दाब बदलला की झालं, आणि आत प्लास्टिकचे ठोकळे घालून शेवटचा भाग ताठ करता येतो. पोलादी स्प्रिंगला घट्ट हवाबंद सील लागत नाहीत, म्हणून ती बारीकसारीक खडीवरही लगेच हलते. पण वजन जुळलं नाही तर आख्खी स्प्रिंग बदलावी लागते. हलक्या रायडरांची, विशेषतः स्त्रियांची, अडचण मात्र या वादात बराच काळ दिसतच नव्हती. हवा कमी करून स्प्रिंग त्यांच्यापुरती मऊ होते, पण डँपरच्या चकत्या मधल्या वजनाच्या रायडरला धरून रचलेल्या असतील तर स्क्रू पूर्ण सोडूनही तेल त्यांच्यासाठी जडच राहतं. मग फोर्क खोलून चकत्याच बदलाव्या लागतात. मोठ्या संघांत हे काम आता नियमाने होतं. ऑस्ट्रियाची वाली हॉल हिने २०२२, २०२३, २०२४ अशी सलग जागतिक अजिंक्यपदं मिळवली. त्या पातळीवर फोर्क तिच्या वजनाला आणि तिच्या चालवण्याला बेतलेला असतो. दुकानातून सायकल घेणाऱ्या पन्नास किलोच्या मुलीला ही सोय अजून सहज मिळत नाही, आणि ती मिळायला हवी.

नळ्यांच्या जाडीचंही असंच. बॉक्सर ३२ मिलिमीटरवरून ३५ वर आणि आता ३८ वर आला. ओलिन्सचा डाउनहिल फोर्कही ३८ चा. जाड नळी वाकत नाही, म्हणून चाक जिथे दाखवाल तिथे जातं. पण जराही न वाकणारा फोर्क तिरक्या दगडावरून सरकण्याऐवजी उडतो आणि हातांना जास्त मार देतो, असं सांगणारे रायडरही आहेत. काही जण म्हणूनच उलट्या फोर्कचे चाहते. त्यात जाड भाग वर आणि बारीक नळ्या खाली असतात. मॅनिटूचा ‘डोराडो’ त्यातला सगळ्यात परिचित.

काही गोष्टी मात्र मतभेदापलीकडच्या आहेत. पुढचा आस बसवताना पाय किंचित जरी आवळले किंवा फाकले गेले तरी नळ्या बुशमध्ये घासतात आणि महागडा फोर्क अडखळत चालतो. जाणता मेकॅनिक आसाचे बाजूचे बोल्ट ढिले ठेवतो, फोर्क चार-पाच वेळा दाबून पाय आपापल्या जागी बसू देतो, आणि मगच आवळतो. एक मिनिटाचं काम. दुसरी गोष्ट हवेची. पायथ्याशी बंद झालेला फोर्क गोंडोलाने डोंगरमाथ्यावर नेला की बाहेरचा दाब उतरतो आणि खालच्या पायांत कोंडलेली हवा फुगून त्याला ताठ करते. फॉक्सच्या ४० ला त्यासाठी मागे छोटी बटणं दिली आहेत. रायडर स्टार्टला ती दाबतो, ‘फुस्स’ होतं आणि फोर्क पुन्हा त्याचा होतो. तिसरी गोष्ट तेलाची. रॉकशॉक्स दर पन्नास तासांनी खालचे पाय उतरवून साफ करायला सांगते. तळाचे बोल्ट ढिले करून हलक्या हातोडीने ठोकलं की पाय सुटून येतात. आतून सोनेरी तेलाऐवजी राखाडी पाणी आलं तर उशीर झालाय असं समजावं. फोमच्या रिंगा पिळून, नव्या तेलात भिजवून बसवल्या की त्याच फोर्कवर परत बसलेला रायडर हसतो. नवा स्क्रू, नवं मॉडेल यांपेक्षा ही सर्व्हिस अधिक फरक पाडते.

महाराष्ट्रातल्या हौशी माउंटन बाइकवाल्यांनाही हे लागू आहे, किंबहुना जास्तच. मुरमाची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल सीलच्या ओठांवर बसून नळ्यांवर ओरखडे काढतात. वरच्या श्रेणीच्या नव्या डाउनहिल फोर्कची किंमत दोन हजार डॉलरच्या घरात. तेवढ्या पैशांत आपल्याकडे नवी मोटरसायकल दारात उभी राहते. म्हणून बरेच जण जुना फोर्क घेतात, आणि तिथे आपली मोटरसायकल गॅरेजची परंपरा उपयोगी पडते. ऑइल सील आणि बुश म्हणजे काय हे कुठल्याही मेकॅनिकला सांगावं लागत नाही. फक्त तेलाचा नंबर आणि किती मिलिलिटर हे कंपनीच्या पुस्तकातून बघून घ्यावं. अंदाजाने ओतलेलं तेल फोर्कचं सगळं गणित बिघडवतं.

वरच्या फळीत आता फोर्कवर सेन्सर लागतात. सरावाच्या फेरीत चाक क्षणाक्षणाला किती दबलं, किती वेगाने परतलं याचा आलेख संध्याकाळी लॅपटॉपवर येतो. पण वाट तोवर बदललेली असते. इटलीतल्या व्हाल दी सोलेची ‘ब्लॅक स्नेक’ वाट याबाबत कुप्रसिद्ध. आठवड्याभराच्या सरावात तिथे मुळं उघडी पडतात, वळणांत गुडघाभर खड्डे होतात. शुक्रवारी जुळलेला फोर्क रविवारी परका वाटतो. २०२१ चं जागतिक अजिंक्यपद तिथे झालं. दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेग मिनारने ते सेकंदाच्या काही अंशांनी जिंकलं, वयाच्या ३९ व्या वर्षी. त्याचं पहिलं अजिंक्यपद २००३ चं. मधल्या अठरा वर्षांत फोर्क किती बदलले, आणि त्यांतल्या प्रत्येकाशी त्याला नव्याने जुळवून घ्यावं लागलं.

चेन तुटल्यावर तर रायडरकडे सस्पेन्शनशिवाय काहीच उरत नाही. ऑस्ट्रियात लिओगांगला २०१५ च्या वर्ल्ड कप शर्यतीत स्टार्टमधून बाहेर पडताच ॲरन ग्विन या रायडरची चेन तुटली. पेडल मारून वेग मिळवणं संपलं. आता मिळालेला वेग ब्रेकने वाया न घालवणं एवढंच हाती. पुढचं चाक जमीन सोडणार नाही याची खात्री असल्याशिवाय असं ब्रेक सोडून जाता येत नाही. ग्विन ती शर्यत जिंकला. चेनची ओढ नसल्याने मागचं सस्पेन्शन मोकळं चालतं आणि त्याचा फायदा होतो, असं तेव्हापासून बरेच रायडर मानतात. मात्र मुद्दाम चेन काढून वर्ल्ड कपला उतरायला फारसं कोणी तयार होत नाही. २०२२ मध्ये क्वेबेकच्या माँ-सेंत-ॲनला फिन आइल्सचीही चेन शर्यतीत तुटली. तोही तसाच खाली आला आणि पहिला ठरला. इलीट गटातला त्याचा तो पहिलाच वर्ल्ड कप विजय, घरच्या कॅनडातल्या प्रेक्षकांसमोर.